थर्मासमधलं यकृत

कुंदा, निकाल आला आहे. पण तो लगेच सांगणार नाही. इतकी वर्षं तू मला ताटकळत ठेवलंस. कधी बसस्टँडवर, कधी प्रयोगशाळेच्या दाराशी किल्ली तुझ्या पर्समध्ये असताना, कधी स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत. आता जरा तू थांब.

आधी तुझ्या घरचं ऐक. तुझी लेक अनघा कॅनडाहून यायची होती, म्हणून प्रभाकरभाऊंनी जळगावहून ती बर्फाची पेटी मागवली. वर काचेचं झाकण, खाली घरघरणारं मशीन. असोद्याच्या तुझ्या घरात पुढच्या खोलीत पेटी ठेवली होती आणि भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या. मी तुझ्या पायाशी उभी राहून काचेवर हात ठेवला. तो गारठा तळहाताला लागला आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ, हे बंद करा. थंडीनं सगळं विरघळून जाईल."

तुझा नवरा आयुष्यात माझ्याशी चढ्या आवाजात बोललेला नाही. तेव्हाही नाही बोलला. म्हणाला, "ताई, पोरगी यायची हाये ना अजून. ह्या उन्हात कसं ठेवू तिले?" तुझ्या नणंदेनं मला धरून आत नेलं, पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं. त्या खोलीत काय विरघळत होतं ते फक्त मला आणि तुला ठाऊक, आणि तू तर पेटीत होतीस. आता असोद्यात म्हणे बोलतात की त्या जळगावच्या मास्तरणीच्या डोक्यावर परिणाम झालाय. बोलू देत.

जळगावच्या कॉलेजात आपण दोघी एकाच वर्षी प्राणिशास्त्र शिकवायला लागलो. तू असोद्याच्या केळीवाल्यांची लेक आणि सूनही तिथलीच. मी धुळ्याहून इथं लग्न करून आलेली. आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघालं की तू दिवसभर माझी नक्कल करायचीस. "सुले, चहा शे का? खडू शे का? अक्कल शे का?" मीही कमी नव्हते. पण खरं भांडण त्याचं नव्हतंच. आपलं खरं भांडण यकृताच्या पेशीवरून.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे, तिच्या आत सांगाडा असतो, हे पोरांना पटवणं सोपं. बारीक नळ्या आणि दोरे यांचा तो सांगाडा पेशीला आकार देतो, इथवर सगळे माना डोलावतात. यकृताच्या पेशीत मात्र तो वाटही देतो, आणि तिथंच पोरं जांभया द्यायला लागायची. ही पेशी दिवसभर माल तयार करते. काही माल रक्ताच्या बाजूला पोचवायचा, काही पित्ताच्या बाजूला, आणि इकडचा तिकडे जाऊन चालत नाही. मालाच्या पिशव्या तरंगत तरंगत आपोआप पोचत नाहीत. सूक्ष्मनलिका नावाच्या नळ्या असतात, त्यांच्यावरून दोन पायांची प्रथिनं त्या पिशव्या अंगावर घेऊन पाऊल टाकत जातात. पलीकडे पित्ताच्या वाटेभोवती दुसऱ्या जातीच्या दोऱ्यांचं जाळं असतं, ते आवळून पित्त पुढे ढकलतं.

मी फळ्यावर रेल्वेचे रूळ काढायची. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली पोरं वर्गात असायची, त्यांना पटकन कळायचं. तू मागच्या बाकावर येऊन बसायचीस आणि तास संपला की व्हरांड्यात मला झाडायचीस. "रूळ एकदा टाकला का वर्षानुवर्षं तिथंच राह्यते. हे तं घडीत बनते नि घडीत मोडते. पोराईले खोटं काहून सांगते व?" तुझ्या तासाला तू केळीचा बाग काढायचीस. घड डोक्यावर घेऊन माणूस रस्त्यावरच्या ट्रककडे चाललाय, पाणी सोडलं की त्याची पाऊलवाट मोडते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी पडते. तुझं चित्र जास्त खरं होतं. हे तुला तोंडावर कधी म्हणाले नाही. म्हटलं असतं तर तू आठवडाभर मिरवलं असतंस.

मग आपल्याला तो सांगाडा डोळ्यांनी बघायची हौस आली. सूक्ष्मनलिकांना चिकटून हिरवा चमकणारा रंग मिळत होता आणि तो बघता येईल असा सूक्ष्मदर्शक विद्यापीठात होता, सुट्टीच्या दिवशी तो वापरायची परवानगी तू गोड बोलून मिळवलीस. राहिलं यकृत. दोघींच्या घरी अंडंसुद्धा ओट्यावर चालत नाही आणि आपण सकाळी सकाळी पदर नाकाला लावून रशीदभाईंच्या मटणाच्या दुकानात उभ्या. त्यांना पहिल्या दिवशी वाटलं आपण कुत्रा पाळलाय. "मॅडम, कौनसा कुत्ता है, अल्सेशियन?" तू गंभीर चेहऱ्यानं "हो" म्हणालीस, आणि पुढं कितीतरी महिने ते त्या कुत्र्याची तब्येत विचारत राहिले.

आणि मग आपण जो काही मूर्खपणा केला, तो खान्देशातल्या माणसालाच सुचेल. इथलं ऊन. सकाळीच रस्ता तापतो, दूध नासतं, भाजी मान टाकते. कुठलीही नाजूक गोष्ट घराबाहेर काढायची तर बर्फात, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. आपण बकऱ्याचं यकृत बर्फात घातलं, बर्फावर आणखी बर्फ रचला, डब्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि रिक्षावाल्याला पळव म्हटलं. काचेवर मात्र काळोख. पुन्हा आणलं, पुन्हा काळोख. रंग खराब म्हणून तू रंगवाल्याशी फोनवर कडाकडा भांडलीस. मी सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याला दोष दिला. जितका काळोख तितका आपण बर्फ वाढवला.

एका मे महिन्यात लग्नसराईनं गावातला बर्फच संपला. तू म्हणालीस, आज जाऊ दे. मी हट्ट केला. मिठाच्या पाण्यात यकृत घालून साधा डबा मांडीवर घेऊन निघालो, पोचेपर्यंत पाणी अंगाएवढं कोमट झालेलं. त्या दिवशी काचेत डोळा लावला आणि मी ओरडलेच. प्रत्येक पेशीत नळ्यांचे हिरवे दोरे. पित्ताच्या बाजूकडून निघून रक्ताच्या बाजूकडे पसरत गेलेले, दाट, चमचमणारे. तू मला बाजूला ढकलून पाहिलंस आणि कपाळावर हात मारून घेतलास. थंडीत सूक्ष्मनलिका विरघळतात, हे वाक्य आपण दोघी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. परीक्षेत त्यावर प्रश्न काढत होतो. आणि जळगावच्या उन्हाला घाबरून स्वतःच्या हातानं त्या विरघळवत होतो. आपण इतक्या हसलो की शिपाई दारात येऊन बघून गेला.

त्या दिवसापासून तुझ्या लग्नातला थर्मास कामाला लागला. कोमट मिठाचं पाणी आणि त्यात यकृत. सासूबाईंनी विचारलं तर कॉलेजात चहाला लागतो म्हणून सांगायचीस. एकदा विभागप्रमुखांनी खरंच कप पुढे करून थर्मास उचलला आणि तू किंचाळलीस, "सर, त्यात यकृत आहे!" ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्टाफरूममध्ये चहा घेतला नाही. आत्ता हे लिहितानाही मला हसू येतंय, आणि त्या हसण्याचाच राग येतोय, कारण हसून मान वळवावी तर शेजारी तू नाहीस.

आपला शेवटचा वाद तिथूनच सुरू झाला. बर्फात विरघळलेल्या यकृताचा तुकडा कोमट पाण्यात ठेवला की नळ्या पुन्हा उभ्या राहतात, हे आपल्याला दिसलं. मला त्याचं वेडच लागलं. दिसेल त्याला दाखवायची मी. तू बाजूला हाताची घडी घालून उभी. "पेशी उठली सुले. बकरा उठला का?" मी म्हणायची, धीर धरून ऊब दिली तर नळ्या केव्हाही उठतील. तू म्हणायचीस, एक वेळ अशी येते की मग कितीही ऊब द्या, काही उठत नाही. मला सगळं कळतं असं चिडून म्हणायला गेले की धुळ्याची भाषा बाहेर यायची. "चूप बस, माले बठ्ठं समजस." तुला तेच हवं असायचं.

मग तुझं अंग खाजायला लागलं. आधी तळहात, मग दंड, मग सगळं. उन्हाळ्यात इथं कोणाला खाज सुटली तर कोण दवाखान्यात जातं? घामोळं म्हणून सोडून दिलं. तू पावडर लावलीस, कडुनिंबाच्या पाल्यानं अंघोळ केलीस, मीच तुला पाला आणून दिला होता. प्रयोगशाळेच्या खिडकीशी तू वळलीस तेव्हा डोळे पिवळे दिसले. तुझ्या शरीराचं तुझ्याच यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांशी वैर होतं, ते फार आधीपासून चाललेलं. डॉक्टर समजावून सांगत होते आणि तू त्यांच्याच समोर प्रभाकरभाऊंना सोपं करून सांगितलंस: "आधी नाली तुंबली, आता घरात पाणी घुसलं." पित्त अडलं की पेशी पित्त बाहेर टाकणारे पंपसुद्धा वाटेवरून आत ओढून घेते, हे तू त्यांना सांगितलं नाहीस. बाहेर आल्यावर मला सांगितलंस. "म्या शिकोलं तेच माह्या अंगात व्हऊ राह्यलं, पाह्य." पायांना सूज आली तेव्हाही आपल्याला कारण कोणी सांगावं लागलं नाही. रक्तात पाणी धरून ठेवणारा, रक्ताकडे जायचा माल निघत नव्हता.

यकृत बदलायचं ठरलं, प्रतीक्षायादीत नाव लागलं. आणि त्या दिवशी आपला तो पोरकट वाद एकदम मोठा झाला. मेलेल्या माणसाचं यकृत येतं ते बर्फातून. "म्हणजे मले भेटलंच तं बर्फातलंच भेटन," तू म्हणालीस. मी तर हरखूनच गेले. म्हटलं, बघ, हेच तर मी म्हणत होते. बर्फात त्याच्या नळ्या विरघळतील, पण तुझं गरम रक्त आत शिरलं की उभ्या राहतील, माल हलायला लागेल, तुझ्या डोळ्यांतलं पिवळं जाईल. माझ्याकडे बघत राहिलीस, पास होणार नाही हे माहीत असलेल्या पोराकडे तू बघायचीस तशी.

फोन आला. एकदाच आला. यकृत मिळतंय, ताबडतोब निघा. प्रभाकरभाऊ गाडी चालवत होते, मी मागे तुझ्याजवळ, तुझं डोकं माझ्या खांद्यावर. तुझं अंग तापलं होतं आणि मी मनाशी म्हणत होते, गाडीतल्या उकाड्यानं असेल. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल वाटेत आला. पहूरला स्टँडजवळ डॉक्टरांचा फोन आला. जंतुसंसर्ग आहे, या अवस्थेत शस्त्रक्रिया करता येणार नाही, यकृत दुसऱ्या रुग्णाला देतोय, तुम्ही परत जा आणि जळगावच्या दवाखान्यात दाखल व्हा. त्यांची काही चूक नव्हती. चूक कोणाचीच नव्हती आणि मला कोणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या.

प्रभाकरभाऊ गाडीतून उतरले आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. तू म्हणालीस, चहा पिऊ. पहूरच्या त्या टपरीवर तू अर्धा कप चहा घेतलास, दोन्ही हातांनी कप धरून. मी रडत होते.

"काहून रडते व? कोनाले तरी भेटलं ना," तू म्हणालीस. "आता त्याच्या पोटात गरम व्हईन ते. तुह्या नळ्या उभ्या राह्यतीन."

"मला त्याच्या पोटाशी काय करायचंय? मला तू हवीस."

हे मी पहिल्यांदाच म्हणाले. इतक्या वर्षांत भांडण सोडून दुसरं काही आपण एकमेकींना बोललोच नव्हतो. तू चहाचा कप बाकावर ठेवलास आणि म्हणालीस, "चाल, ऊन व्हऊ राह्यलं." वाटेत पूर्ण वेळ तू माझा हात धरून होतीस.

दाखल व्हायच्या आधी तू गाडी कॉलेजवर घ्यायला लावलीस, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. भाऊ नको म्हणत होते. आदल्या दिवशी तू बकऱ्याच्या यकृताचे तुकडे कापून ठेवले होतेस. माझ्या खांद्याला धरून प्रयोगशाळेत आलीस, ते तुकडे बर्फाच्या पाण्यात घातलेस, डबा फ्रिजमध्ये ठेवलास. श्वास लागला होता तुला. म्हणालीस, "आता वाद मिटवून टाकू. ह्या तुकड्याईले पुरतं थंड व्हऊ दे. मंग ऊब दे नि पाह्य. जे निघन ते मलेच आधी सांग."

मला वाटलं, दोन दिवसांत तू सुधारशील, मी दवाखान्यात येऊन सांगेन. दवाखान्यात मूत्रपिंडं बसली, मग तू माणसं ओळखेनाशी झालीस. मला मात्र एकदा ओळखलंस. नाव घेतलं नाहीस, नुसतं "शे का?" म्हणालीस आणि ओठ हलले, हसल्यासारखे. त्यानंतर काही नाही. डॉक्टरांनी हात टेकले. तुकडे फ्रिजमध्येच राहिले. तू पेटीत गेलीस, अनघा आली, तिनं काच उघडायला लावून तुझ्या गालावर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला. इतकी गार आई तिला माहीत नव्हती. मला तिला सांगावंसं वाटलं की तुझी आई आयुष्यभर थर्मास घेऊन हिंडली. नाही सांगितलं. तिला काय कळणार होतं.

तुझा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी थर्मास घेऊन रशीदभाईंकडे गेले. ताजं यकृतही हवंच होतं, नाहीतर रंग खराब म्हणून पुन्हा आपण फसायचो. त्यांनी माझ्यामागे पाहिलं, दुसऱ्या मॅडम कुठे विचारलं. मी सांगितलं. सुरी बाजूला ठेवून त्यांनी यकृत धुतलं आणि माझ्या हातात दिलं. कुत्रा नाहीच हे त्यांना कधीच कळलं होतं, म्हणाले; तुझी मजा मोडायला नको म्हणून विचारत राहिले होते.

ताजे तुकडे आणि तुझे तुकडे, दोन्ही मी शेजारी शेजारी कोमट पाण्यात ठेवले. तुझे जास्त वेळ ठेवले. ठरल्यापेक्षा खूप जास्त, ही लबाडी आहे हे मला कळत होतं. पाणी निवू लागलं की बदललं. एकदा तर भांडं दोन्ही हातांत धरून बसले. मला पदवी आहे, मी हा विषय शिकवते, त्या तुकड्यांचा तुझ्याशी काही संबंध नाही हे मला कोणी समजावून सांगायला नको. तरी बसले. त्या क्षणी कोणी म्हटलं असतं की तुझी पेटी उन्हात ठेव, तर मी ठेवली असती.

मग रंग चढवला आणि विद्यापीठात गेले. आधी ताजं यकृत पाहिलं. हिरवे दोरे, दाट, आपण पहिल्या दिवशी पाहिले तसेच. रंग चांगला होता, दिवा चांगला होता. दोष द्यायला काही उरलं नव्हतं. मग तुझ्या तुकड्यांची काच ठेवली. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला, मधला भाग पाहिला. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. शेजारची खुर्ची ओढून ठेवली होती मी, सवयीनं.

तू म्हणाली होतीस, मलेच आधी सांग. अजून कोणाला सांगितलेलं नाही. एकही दोरा नाही, कुंदा. तुझंच खरं होतं.